होकार दिल्यानंतर

मे महिना सरत आला की आमच्या घरी दोन प्रकारचे पाहुणे येतात. ज्यांना मुलाला अकरावीला कुठे घालावे ते उमगत नाही, ते एक. आणि ज्यांच्या मुलीचे बी.एड. नुकतेच झाले आहे आणि ज्यांना "आपा, कुठे जागा आहे का?" एवढेच विचारायचे असते, ते दुसरे. यंदा दोन जूनला मगरीबनंतर ज्या मायलेकी आल्या, त्या या दुसऱ्या गटातल्या. पण त्यांचा प्रश्न उलटा होता. जागा नव्हती असे नाही, जागा दोन होत्या.

मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. आठवी ते दहावी माझ्याकडे मराठी शिकली. उर्दू माध्यमातून दहावी करून पुढे गणितात बी.एस्सी. आणि मग बी.एड. करणाऱ्या मुली आमच्या तालुक्यात बोटावर मोजण्याइतक्याच, त्यामुळे तिचे मला फार कौतुक. नऊ मेला तिने तालुक्यातल्याच एका विनाअनुदानित हायस्कूलच्या नेमणूकपत्रावर सही केली होती. पगार अकरा हजार, सोळा जूनला रुजू व्हायचे. त्या शाळेत मागच्या दिवाळीपासून नववी-दहावीला गणिताचा शिक्षक नाही. भूगोलाचे सर मधल्या काळात बीजगणित उरकत होते. मुख्याध्यापिकेने मुलाखतीतच तिला सांगितले होते, "बेटी, तू आलीस तर या वर्षीची दहावी वाचली."

आणि एकतीस मेला पुण्याहून फोन आला. मोठी शाळा, सेमी-इंग्रजी. एप्रिलमध्ये तिथे मुलाखत दिली होती आणि उत्तर न आल्याने तिने आशा सोडली होती. आता ते म्हणत होते चोवीस हजार, वर भविष्य निर्वाह निधी, आणि पाच जूनपर्यंत हो किंवा नाही कळवा.

तिची अम्मी खुर्चीत टेकायच्या आधीच बोलू लागली. "आपा, तुम्हीच समजवा हिला. रिज्क आपल्या पायांनी चालत दारात आलाय आणि ही दार लावून बसलीये. दोन दिवस जेवली नाही."

घरची परिस्थिती मला ठाऊक होती. वडील टेम्पो चालवतात. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे, म्हणून रात्रीची भाडी बंद. बी.एड.च्या फीसाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाचा महिन्याला चार हजारांचा हप्ता. धाकटा भाऊ बारावीत. अकरा हजारांतून चार गेले की सात उरतात. पुण्यात कोंढव्याला खाला राहते, तिथे राहायची सोय होती, म्हणजे चोवीसमधले बरेचसे घरी पाठवता आले असते. हा लोभ नव्हे. पोरगी चैनीसाठी वचन मोडायला निघाली असती तर माझे काम सोपे झाले असते.

तिचे चाचाही या प्रकरणात होते. ते आले नव्हते, पण त्यांचे म्हणणे अम्मीच्या तोंडून आले. "सही केली म्हणून काय झाले? फोन उचलू नकोस. चार दिवस वाट पाहतील आणि दुसरी बघतील. कोर्टात थोडेच ओढणार आहेत?"

चाचांचे म्हणणे कायद्याच्या अंगाने फारसे चुकीचे नाही, हे आधीच कबूल करते. आपल्याकडे कोणत्याही माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध अमुक ठिकाणी नोकरी करच असा हुकूम न्यायालय देत नाही. नोकरीचा करार मोडला तर फार तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. बाँड लिहून दिला असेल आणि त्यात रक्कम घातलेली असेल, तरी १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्या रकमेच्या मर्यादेत राहून जी भरपाई वाजवी वाटेल तीच मिळते, छापलेला आकडा आपोआप पदरात पडत नाही. रुजू झाल्यावर मात्र गोष्ट बदलते. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली आहे, तिच्याप्रमाणे कायम नसलेल्या कर्मचाऱ्याने नोकरी सोडताना एक महिन्याची आणि कायम असलेल्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते. म्हणून "आधी रुजू हो, मग बघू" हा सल्ला, जो आपल्या समाजात फार उदारपणे वाटला जातो, तो सगळ्यांत वाईट. त्यात शाळेचे नुकसान जास्त आणि आपली अडकण्याची भीतीही जास्त.

एक गोष्ट मी तिला लगेच विचारली. मूळ प्रमाणपत्रे कुठे आहेत? सुदैवाने तिच्याकडेच होती. काही संस्था नेमणूक देताना मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र ठेवून घेतात आणि मग मुलीला तिथून हलता येत नाही. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवावेत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ कागद घेऊनच उठावे. कोरा धनादेश किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही तर देऊच नये. हे सांगून झाल्यावर मला जरा बरे वाटले, कारण एवढ्याचे उत्तर मला येत होते.

पण मुलीला कायदा विचारायचा नव्हता. इतका वेळ ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत गप्प बसली होती. अम्मी पाणी प्यायला थांबली तेव्हा ती म्हणाली, "टीचर, मी मुनाफिक होईन का?"

मुनाफिकाच्या तीन निशाण्यांची हदीस आपल्याकडे मूल पाचवीत जायच्या आतच पाठ करते. बोलला तर खोटे, वचन दिले तर मोडतो, अमानत ठेवली तर खातो. आमच्या शाळेच्या जिन्याजवळच्या फळ्यावर ती मीच दर वर्षी रंगीत खडूने लिहून घेते. ज्या पोरीने ती माझ्या देखरेखीखाली लिहिली, तीच आज मला विचारत होती. आणि मला तिच्याकडे नीट बघवेना, कारण मला माझे २००४ साल आठवत होते.

तेव्हा माझे बी.एड. नुकतेच झाले होते. एका खेड्यातल्या उर्दू शाळेने मला मराठी शिकवायला बोलावले. महिना दीड हजार रुपये. मी हो म्हटले, अर्जावर सही केली. मुख्याध्यापक साहेब मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले होते आणि उन्हासाठी स्वतःची छत्री देऊ करत होते. त्यानंतर पंधरा दिवसांत मला अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून जागा मिळाली. घरात आनंदीआनंद झाला. त्या खेड्यातल्या शाळेला मी काहीच कळवले नाही. पत्र टाकू म्हटले, टाकले नाही. मग इतके दिवस झाले की आता कोणत्या तोंडाने टाकायचे असे झाले. कोणी जाब विचारला नाही. चार-पाच वर्षांनी एका प्रशिक्षणवर्गात त्या शाळेचे एक शिक्षक भेटले. त्यांना मी कोण ते माहीत नव्हते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडे एकदा मराठीची बाई नेमली होती, वेळापत्रकात तिचे नावही घातले होते, आलीच नाही. ते वर्ष पोरांनी मराठीशिवाय काढले." उर्दू शाळेतल्या मुलांना मराठीशिवाय वर्ष काढणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. दहावीला आपली मुले कोणत्या विषयाला घाबरतात, ते घरोघरी माहीत आहे. मी त्या सरांना चहा पाजला आणि माझे नाव सांगितले नाही.

हे मी त्या मायलेकींना सांगितले. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितले. अम्मी जरा गप्प झाली.

मुनाफिकीच्या प्रश्नाचे उत्तर देणारी मी कोण? मी भाषेची शिक्षिका. मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांकडे मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी जाऊन आले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मी इथे माझ्या शब्दांत देते. उलमांच्या म्हणण्याप्रमाणे ती निशाणी त्याची, जो वचन देतानाच मनात न पाळण्याचे ठरवून देतो. ज्याने पाळायच्या नियतीने दिले आणि पुढे खरी अडचण आली, त्याचा मामला वेगळा. पण म्हणून करार हलका होत नाही. सूरह माइदाची सुरुवातच करार पूर्ण करण्याच्या हुकमाने होते. आणि मग त्यांनी एक शब्द सांगितला जो मी आजवर फक्त फिकहच्या जुन्या पुस्तकांत पाहिला होता, इकाला.

इकाला म्हणजे झालेला सौदा दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने मागे घेणे. एकाला पस्तावा झाला, त्याने दुसऱ्याला विनंती केली की मला मोकळे कर, आणि दुसऱ्याने मोकळे केले. अशी मोकळीक देणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी खूशखबर हदीसमध्ये आहे. मौलाना साहेब म्हणाले, नोकरी हासुद्धा एक करारच. करार दोघांनी बांधलाय, तर गाठ एकट्याने तोडायची नाही, दुसऱ्याला सोडवायला सांगायचे. त्याने नाही म्हटले तर पुन्हा माझ्याकडे या.

मला हे फार पटले. आपल्याकडे दोनच रस्ते दिसतात. फोन बंद करून गायब व्हायचे, नाहीतर मन मारून जायचे आणि वर्षभर कुढायचे. समोर जाऊन "मला सोडा" असे मागायचे, हा तिसरा रस्ता लाजेपायी कुणाला दिसतच नाही. मागण्यात नकार ऐकायची तयारी लागते ना!

बद्रच्या वेळची एक घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे येत असताना कुरैशांनी त्यांना अडवले आणि लढाईत भाग घेणार नाही असे वचन घेऊनच सोडले. इकडे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत तीनशेच्या थोडी वर माणसे, एकेका हाताची गरज. तरीही प्रेषितांनी (स.) या दोघांना परत पाठवले, की वचन पाळा, मदत आपण अल्लाहकडे मागू. हा दाखला माझ्या ओठांवर आला होता आणि मी गिळला. चोवीस हजारांची गरज असलेल्या घरात, पक्की पगारी शिक्षिका म्हणून खुर्चीत बसून, असे दाखले देणे फार सोपे असते.

इस्तिखाऱ्याचेही झाले. अम्मी म्हणाली, "हिने दोन रात्री इस्तिखारा केला, काही दिसले नाही." दिसायचे काय होते? हिरवे-पांढरे स्वप्न पडते ही समजूत आपल्या घरांत इतकी मुरली आहे की दुआचा अर्थच मागे पडला. बुखारीत हजरत जाबिर (रजि.) यांची जी हदीस आहे तिच्यात दोन रकात नफिल आणि दुआ सांगितली आहे, स्वप्नाचा उल्लेख नाही. ज्यात भलाई असेल ते सोपे कर आणि त्यावर मला राजी कर, एवढीच विनवणी. त्यासोबत मशवरा करायचा, पायही हलवायचे.

मी तिला विचारले, "पुण्याच्या शाळेला तू खरे सांगितलेस का?" ती दचकली. "नाही टीचर. दुसरीकडे हो म्हटलेय हे कळले तर ते घेतील का?"

मला वाटते हा प्रश्न सगळेच टाळतात आणि खरी किल्ली इथेच असते. मी म्हटले, "उद्या सकाळी फोन कर. सांग की मी एका शाळेला शब्द दिला आहे, त्यांच्याकडून मोकळी झाल्याशिवाय येणार नाही, मला मुदत द्या. त्यांनी रागावून नाही म्हटले तर तुझा प्रश्नच मिटला, सोळा तारखेला तालुक्यात रुजू हो. आणि शब्दाची किंमत न ओळखणारी शाळा तुलाही एखाद्या जूनमध्ये पटसंख्या कमी झाली म्हणून घरी बसवेल."

तसे बसवतातही. ही बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. मे महिन्यात शिक्षिकेला हो म्हणायचे, जूनमध्ये तुकडी भरली नाही म्हणून हात झटकायचे, हे करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. कागदावर एक पगार, हातात दुसरा, हेही पाहिले आहे. कबूल केलेला पगार, विषय, राहण्याची सोय यांत समोरच्यानेच बदल केला, तर तिथे तुमच्या मागे फिरण्याला वचनभंग म्हणता येणार नाही. करार त्यानेच आधी मोडला. पण या मुलीच्या बाबतीत तसे नव्हते. तालुक्याच्या शाळेने जे सांगितले ते सरळ सांगितले होते. अकरा हजार कमी होते, खोटे नव्हते.

आखातात जाणाऱ्या मुलांच्या घरी हाच पेच निराळ्या रूपात येतो, आणि तिथे उशीर फार महाग पडतो. ऑफर स्वीकारली, मेडिकल झाले, व्हिसा निघाला आणि मग मुलगा म्हणतो जात नाही. तोपर्यंत समोरच्याचा खर्च होऊन गेलेला असतो आणि एजंट दारात उभा राहतो. मन डळमळत असेल तर मेडिकलच्या आधी बोलावे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाखाची मागणी करणाऱ्याला दिलेल्या शब्दासाठी कोणी झोप घालवू नये.

असो. तीन जूनला तिने पुण्याला फोन केला. पलीकडच्या बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत म्हणे. मग म्हणाल्या, "एक जुलैपर्यंत थांबू शकतो. त्यापुढे नाही." पंधरा दिवस हातात आले.

चार तारखेला मायलेकी तालुक्याच्या शाळेत गेल्या. मी सोबत जाणार नाही हे आधीच सांगितले होते. ओळखीच्या बाईला पुढे घालून मोकळीक मागणे हा दबाव झाला असता. जाताना तिला एवढे सांगितले की वडिलांचे डोळे, कर्ज, सगळे सांग, पण आधी माफी माग आणि कारणे नंतर. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तिने आपल्या बी.एड.च्या वर्गातल्या तीन मुलींना फोन केले होते. दोघींना अकरा हजार परवडत नव्हते. तिसरी तयार होती, पण तिचे बाळ अडीच महिन्यांचे, ती ऑगस्टच्या आधी येऊ शकत नव्हती.

मुख्याध्यापिकेने सगळे ऐकले. रागावली नाही, हे मुलीला जास्त लागले. टेबलावरच्या वेळापत्रकाचा कागद तिने उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "चोवीस हजारांना मी नाही कसे म्हणू? माझी मुलगी असती तर मीच पाठवली असती. पण माझी एकतीस मुले आहेत दहावीला." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी ठरले ते असे. सोळा ते तीस जून ती पूर्ण वेळ शिकवणार, पगार न घेता. जुलैपासून पुण्याला. आणि ऑगस्टमध्ये दुसरी शिक्षिका येईपर्यंत एक आड एक रविवारी येऊन दहावीचे गणित घेणार. मुख्याध्यापिकेने पत्रावर "राजीखुशीने मुक्त" असे लिहून सही केली आणि सही करताना म्हणाली, "पगार न घेण्याचे तू म्हणतेस, ते मी मान्य करत नाही. पंधरा दिवसांचे जे होतील ते घेऊन जा."

वडिलांना ही रविवारची भानगड मुळीच पसंत नाही. एसटीचे भाडे, जाग्रण, आणि पोरगी एकटी येणार-जाणार. त्यांचे चूक म्हणवत नाही. चाचांचे तर म्हणणे, मुक्त केल्यावर पुन्हा कशाला जायचे? अम्मी मात्र बदलली आहे. शनिवारी रात्री मुलीला आणायला ती स्वतः बसस्थानकावर जाते.

हे लिहिते आहे तेव्हा ऑगस्ट निम्मा झाला आहे. बाळ असलेली मुलगी अजून रुजू झालेली नाही. सासरी काही अडले आहे. म्हणजे "ऑगस्टपर्यंत" चा शब्द आता सप्टेंबरवर जाणार. परवाच्या रविवारी ती शाळेतून थेट माझ्याकडे आली, बाहीवर खडूची भुकटी, आवाज बसलेला. वर्गसमीकरणे संपवली म्हणाली. मग म्हणाली, "टीचर, अजून किती रविवार?" मी म्हटले, मुख्याध्यापिकांना विचार, पुन्हा समोर जाऊन. ती चहा पिता पिता बाकावरच झोपली.

ती गेल्यावर मी जुन्या वहीतून त्या खेड्यातल्या मुख्याध्यापक साहेबांच्या गावच्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर काढला आणि त्याच्याकडून साहेबांचा. निवृत्त होऊन बरीच वर्षे झालीत. ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने बोलावे लागले आणि घरातल्या सगळ्यांना कळले. मी नाव सांगितले, त्यांना ओळख पटेना. सलाम झाला, तब्येतीची विचारपूस झाली. मग मी साल सांगितले, गाव सांगितले, छत्रीची आठवण दिली.

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले, "आमच्या मराठीच्या टीचर!"

त्या शाळेत मी एक तासही शिकवलेले नाही.